काचेच्या बरण्या आणि दोन क्विंटल तांदूळ

बेळगावात हल्ली नवं घर बांधलेला माणूस भेटला की तीन गोष्टी सांगतो. साईट तीस-चाळीसची, दार पूर्वेला, आणि किचनला पॅन्ट्री. पहिल्या दोन एका दमात सांगतो. तिसरी सांगण्याआधी जरा थांबतो, आपण 'काय म्हणता!' म्हणावं म्हणून. त्याचं बरोबर आहे. हॉल काय, बेडरूम काय, सगळ्यांच्यातच असतात, आणि पाहुण्यांना हॉल दाखवायचा म्हणजे बंद टीव्ही दाखवायचा. पॅन्ट्री मात्र उघडून दाखवता येते. दार ओढलं की आत दिवा लागतो. रॅक बाहेर येतात, आत जातात. नव्या घरात हालचाल करणारी एवढी एकच वस्तू असते.

वास्तुशांतीच्या दिवशी त्यामुळे होम एका खोलीत चालू असतो आणि गर्दी स्वयंपाकघरात. वडगाव, शहापूर, अनगोळ, टिळकवाडी, जिथून म्हणून बायका आलेल्या असतात, त्यांतली प्रत्येक जण प्रत्येक ट्रॉली एकदा ओढते आणि एकदा ढकलते. या ट्रॉल्या शेवटच्या चार बोटांवर आल्या की आपोआप मंद होतात आणि आवाज न करता मिटतात. आमच्या गडहिंग्लजच्या आत्यानं पहिलीच ढकलली. ती आपणहून आत जायला लागल्याबरोबर आत्यानं दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि ओरडली, "आत कोण वडूलाय बघा की!"

आमचं इंटिरियर करणारा मुलगा बेळगावचाच, पण बंगळुरूला शिकून आलेला. त्यानं लॅपटॉपवर पॅन्ट्री दाखवली. सात फूट उंच, अडीच फूट रुंद कपाट. त्यात काचेच्या सारख्या बरण्या, वर बांबूची झाकणं, प्रत्येक बरणीवर पांढरी चिठ्ठी. एका बरणीत राजमा, एकीत पास्ता, एकीत बदाम, आणि एकीत निळसर काहीतरी, ज्याचं नाव त्यालाही सांगता आलं नाही. चित्र देखणं होतं यात वाद नाही. त्या चित्रातलं कुटुंब बहुतेक भाकरी खात नसावं.

मग तो वही काढून आईकडे वळला. "काकू, महिन्याला तांदूळ किती लागतो?"

आई त्याच्याकडे बघत राहिली. "महिन्याला कोण भरतंय रे तांदूळ?"

इथे त्याचं आणि आईचं जे चुकलं ते शेवटपर्यंत जुळलं नाही. पुण्या-बंगळुरात दहा मिनिटांत किराणा दारात येतो, त्यामुळे तिकडची पॅन्ट्री म्हणजे दहा मिनिटांची सोय. बेळगावच्या पश्चिमेकडच्या घरांची सोय एका वर्षाची असते. दिवाळीनंतर भात कापणीला येतो, मळणी होते, आणि मग कोणी येळ्ळूरहून, कोणी खानापुराकडून ओळखीनं तांदूळ आणतं. तो लगेच खायचा नसतो. नवा तांदूळ शिजला की गिचका होतो. वर्षभर मुरला की दाणा टणक होतो, पाणी जास्त पितो, फुगतो आणि मोकळा राहतो. म्हणजे घरात एकाच वेळी दोन तांदूळ लागतात, एक खायचा आणि एक पुढच्या वर्षी खायचा. हे आईनं त्याला समजावून सांगितलं, तेही पायलीच्या हिशोबात. मेट्रिक मापं देशात सक्तीची होऊन साठ वर्षं उलटली, पण ती बहुधा शहापूरच्या अलीकडेच थांबली. त्यानं मान डोलावत सगळं ऐकलं आणि वहीत लिहिलं : राइस, दोन जार.

तांदळाचा बेत दोन क्विंटलचा होता.

त्या मुलाला एकट्याला तरी बोल का लावा? या कामात परंपराच तशी आहे. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की नावाच्या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याची ही पणजी. त्यात अॅल्युमिनियमचे चोचवाले खण होते, ओढायचे आणि थेट पातेल्यात ओतायचे, प्रत्येकावर जिनसाचं नाव. पिठाचा खण तेवढा ओकच्या लाकडाचा, कीड लागू नये म्हणून. अशी हजारो स्वयंपाकघरं त्या शहरात बसवली गेली. आणि या बाईंनीच पुढे सांगून टाकलं की ते आखेपर्यंत आपण कधी स्वयंपाक केलेला नव्हता.

हे मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "ते दिसतंयच की."

बरण्यांची झाकणं हवाबंद आहेत, कीड लागणार नाही, हा त्या मुलाचा हुकमी मुद्दा होता. सोंड्याचा स्वभाव ठाऊक नसणाऱ्याचा मुद्दा. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून चिकट लेप लावून भोक बुजवून टाकते. बाहेरून दाणा अगदी शहाण्यासारखा दिसतो. अळी आत जन्मते, आतल्या आत दाणा खाते आणि महिनाभरानं सोंड घेऊन बाहेर येते. म्हणजे तांदूळ भरून झाकण दाबलं की आपण चोराला आत घेऊन बाहेरून कडी घातलेली असते. काचेच्या बरणीचा फायदा एवढाच की हे सगळं आपल्याला बसून बघता येतं.

आईचे उपाय यापेक्षा कमी देखणे आहेत. एप्रिलचं ऊन, वाळवलेला कडुलिंबाचा पाला, तांदळाला बोरिक पावडर, तूरडाळीला एरंडेलाचा हात. ऊन महत्त्वाचं, कारण जून लागला की बेळगावला ते मिळत नाही. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात. थंड हवेसाठी म्हणतात, पण महाबळेश्वराची ओलही या गरिबांना पुरेपूर मिळालेली आहे. मिठाला पाणी सुटतं. पापड हातात घेतला तर रुमाल होतो. गुळाचं तर विचारू नका. ओल शोषून घेणं हा गुळाचा धर्मच. संकेश्वराकडून आणलेली सुरेख पिवळी ढेप आराखड्यात ओव्हनच्या शेजारी, काचेच्या बरणीत दाखवली होती. श्रावणापर्यंत तिची काकवी झाली असती, आणि काकवीसाठी आराखड्यात जागा नव्हती.

इथवर वाद घर विरुद्ध लॅपटॉप असा होता. मग बायकोनं लक्ष घातलं आणि तो तिरंगी झाला.

बायको निपाणीची. निपाणी आमच्यापासून पंचाहत्तर किलोमीटर, पण पाऊस तिकडे निम्म्यावर येतो आणि ताटात भाताच्या जागी शाळूची भाकरी येते. शिवाय गाव तंबाखूच्या वखारींचं. लहानपणापासून या बाईनं साठवण बघितली ती वखारीची, छपरापर्यंत थप्पी आणि मधून माणूस आडवा जाईल एवढी वाट. पॅन्ट्री अडीच फुटांची आहे हे कळल्यावर तिनं शांतपणे विचारलं, "म्हणजे दार किती? आणि खोली कुठाय?"

तिचा खरा विषय मिरची. आमच्या घरात तिखट उन्हाळ्यात वर्षाचं होतं. मिरच्या आणायच्या, गच्चीवर वाळवायच्या, डेखं काढायची, मसाला भाजायचा आणि कांडपावर जायचं. त्या आठवड्यात गल्लीत कोणी कोणाशी बोलत नाही, नुसते शिंकतात. भांडण मिरचीच्या जातीवरून आहे. आईचा भर ब्याडगीवर. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाची ही सुरकुतलेली, गडद लाल मिरची, २०११ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. रंग असा की पोह्यांवर चिमूट टाकली तरी मटणाचा भास व्हावा, आणि तिखटपणा बेताचा. बायकोचा भर संकेश्वरीवर. लांबडी, सडपातळ, रंगानं जरा उणी, पण जिभेवर बसली की उठत नाही. आईच्या मते संकेश्वरी म्हणजे खाणाऱ्यावर सूड. बायकोच्या मते ब्याडगी म्हणजे कुंकू.

किती वाटे कोणाचे, यावर दरवर्षी वाटाघाटी होतात. सीमावादावरच्या महाजन आयोगानं १९६७ साली अहवाल दिला तेव्हा निपाणी महाराष्ट्रात आणि बेळगाव शहर कर्नाटकात असं सुचवलं होतं. तो अहवाल महाराष्ट्रानं मानला नाही, प्रकरण २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि दोन्ही गावं आहेत तिथेच आहेत. पण त्या अहवालाबरहुकूम झालं असतं तर माझं लग्न आंतरराज्य ठरलं असतं, आणि मला वाटतं मिरचीचा प्रश्न तेव्हाच सुटला असता. दोन राज्यांनी आपापलं तिखट केलं असतं. आता एका राज्यात राहून आम्ही तेच करतो. आईची चिनीमातीची बरणी डावीकडे, बायकोची उजवीकडे, मधे तटस्थ म्हणून मिठाचा सट.

या दोघींचं एकमत झालेलं मी एकदाच पाहिलं, आणि ते मसाल्याच्या रॅकवरून. आराखड्यात तो गॅसच्या बरोबर वर होता, काचेच्या बाटल्या, खिडकीतून ऊन थेट त्यांच्यावर. फोटोत तिखटाची बाटली माणकासारखी चमकत होती. तिखटाचा रंग प्रकाशानं उडतो आणि वास उष्णतेनं जातो, म्हणजे तिखट लवकरात लवकर वाया घालवायला याहून चांगली जागा घरात नव्हती. दोघींनी बाटल्या उचलल्या, सगळ्यांत खालच्या अंधाऱ्या खणात बरण्या ठेवल्या, हिंगाचे खडे टाकले, तोंडाला दादरा बांधला. कपाटातला तो सर्वांत कुरूप खण आहे आणि तिखट वर्षभर लाल राहतं. हिंगाबद्दल सांगायचं तर देशभर लागणारा हा जिन्नस परवापरवापर्यंत सगळाच्या सगळा बाहेरून, मुख्यतः अफगाणिस्तान, इराणकडून येत होता. हिमाचलातल्या लाहौलमध्ये त्याची लागवड सुरू झाली ती २०२० साली. खैबरखिंडीपलीकडून हिंग येतो आणि आपण वाद संकेश्वराचा घालतो.

चिठ्ठ्यांचं काम आमच्या मुलाकडे दिलं. त्यानं हौसेनं इंग्रजीत छापल्या. आईला त्या वाचता येईनात, म्हणून मराठीत छापल्या. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी बैलहोंगलकडच्या, त्यांना येतं ते कन्नड. मग दोन इंचांच्या चिठ्ठीवर तीन लिप्या. जिऱ्याच्या बरणीवर जिरं दिसेनासं झालं. आमचे अण्णा, म्हणजे थोरले बंधू, चहाला आले होते. बरणी डोळ्यांसमोर धरून म्हणाले, "२०२४ पासून दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड लागतंय. पट्टी लावून बघ एकदा. उगच जिऱ्याला नोटीस यायची." मुलानं खरंच पट्टी आणली.

प्रत्यक्षात मावशी चिठ्ठी वाचतच नाहीत. झाकण काढतात, वास घेतात, झाकण लावतात. आई तर बरणीही उघडत नाही, नुसती हलवते. शेंगदाणे, पुटाणी आणि साबुदाणा यांचा आवाज वेगळा असतो म्हणे. कारळ आणि जिरं यांचाही असतो का, हे विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

आणि आईची यादी तर वेगळीच आहे. आमच्या घरी डब्यांना आतल्या जिनसाचं नाव नसतं, देणाऱ्याचं असतं. स्टीलच्या प्रत्येक डब्यावर टिकटिक यंत्रानं कोरलेलं आहे : कोणी दिला, कोणाच्या लग्नात, कोणत्या तारखेला. "रवा मामाच्यात हाय." "पोहे संपले तर नंदगडवाल्यांच्यात बघ." "वरईला हात लावू नको, ती वैनीच्या बारशात हाय." बाहेरच्या माणसाला हे ऐकून वाटावं की या घरातले लोक दाणापाणी पाहुण्यांकडे ठेवतात. ज्यांच्याशी सध्या बोलणं नाही त्यांच्या डब्यात आई हळकुंडं, सुंठ असले क्वचित लागणारे जिन्नस भरते. भांडण मिटलं की डबा खालच्या फळीवर येतो. एका चुलत घराण्याचा डबा मी माळ्यावरून तुरीपर्यंत आलेला आणि पुन्हा माळ्यावर गेलेला पाहिला आहे. सारख्या काचेच्या बरण्यांत हा सगळा इतिहास पुसला गेला असता. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली ग्रंथालयांसाठी वर्गीकरणाची जी पद्धत दिली ती अवघड म्हणून गाजली. त्यांनी आमचं फडताळ पाहिलेलं नव्हतं.

त्या मुलानं एकदा धीर करून विचारलं, "काकू, पण एवढं लागतं कशाला?"

हा प्रश्न २०१९ च्या आधी विचारला असता तर आईला थोडं थांबावं लागलं असतं. त्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, वेदगंगेचं निपाणीजवळ यमगर्णीला आलं, आणि पुणे-बंगळुरू रस्ता दिवसेंदिवस बंद पडला. ट्रकच्या रांगा लागल्या, कोल्हापुरात दुधा-पेट्रोलची ओढाताण झाली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पाणी नसेल तर राजकारण असतं. सीमेवर तापलं की पहिली एस्टी थांबते, २०२२ च्या डिसेंबरात थांबली तशी. अशा वेळी आईच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. टीव्हीवर पूर चाललेला असतो आणि ती सांडगे तळत असते.

पण खरं कारण पूर नाही. इकडच्या घरातली साठवण एका घराची नसतेच. मडगावची मावशी येताना आमसुलं आणि नारळ आणते, चंदगडकडचे पाहुणे काजू आणतात, आत्या गडहिंग्लजहून मिरच्या, निपाणीहून शाळू, स्वयंपाकाच्या मावशींच्या गावाहून कडक भाकरीची चळत. आणि यातलं कोणीही रिकाम्या हातानं परत जायचं नसतं. गोव्याला रताळी आणि बटाटे, कोल्हापूरला कुंदा, पुण्याला तांदूळ. वस्तू येते, चार दिवस टेकते, दुसऱ्या पिशवीतून पुढे जाते. मडगावची आमसुलं निपाणीला पोचवणं हे आमच्या पॅन्ट्रीचं मुख्य काम आहे, आणि ते बरणीतून होत नाही. त्यासाठी पिशव्या लागतात. पिशव्यांची एक पिशवीही लागते. ती आराखड्यात नव्हती.

मांड्यांचाही विसर पडला होता. बेळगावचे मांडे म्हणजे उपड्या खापरावर भाजलेली, हातभर रुंदीची, पिठीसाखर-तुपाची, घडी घातलेली कागदी वस्तू. टिकते भरपूर, पण धक्का लागला की चुरा. तिला मोठा पत्र्याचा डबा लागतो, जो कुठल्याही खणात बसत नाही. मनातल्या मांड्यांना जागा लागत नाही, खऱ्यांना लागते. ते सध्या देवघराच्या खाली आहेत.

पॅन्ट्री शेवटी झाली, आणि झाली तशी छान झाली. बरण्या आहेत, दिवा आहे. बरण्यांत राजमा, मखाणे, बदाम, पास्ता आहे. हे आम्ही खात नसल्यामुळे ती कायम भरलेली दिसते. हळदीकुंकवाला आलेल्या बायका दार उघडून बघतात आणि "किती नीट ठेवलंय!" म्हणतात. आई हे कौतुक सुनेकडे ढकलते, सून सासूकडे. दोघींचं असं सूत जमलेलं पाहून बायका आणखी थक्क होतात.

दोन क्विंटल तांदूळ, शाळूची पोती आणि गुळाच्या ढेपा पाहुण्यांच्या खोलीत, दिवाणाच्या पोटात आहेत. तो दिवाण सुताराकडून मुद्दाम करून घेतला, खाली जाड फळी, बाजूला हवेला भोकं, आत कडुलिंबाचा पाला. पुण्याहून आलेला भाचा त्यावर झोपला आणि सकाळी म्हणाला, "मामा, गादी फार टणक आहे, पण वास मस्त येतो."

परवा तो इंटिरियरवाला मुलगा फोटो काढायला आला. त्यानं दार उघडलं, बरण्या सरळ केल्या, चिठ्ठ्या पुढे वळवल्या, बरेच फोटो घेतले. म्हणाला, "काकू, वडगावच्या एका पार्टीला मी तुमची पॅन्ट्री दाखवली. त्यांना अगदी सेम पाहिजे म्हणे. इतक्या कमी जागेत सगळं बसलेलं त्यांनी कुठं बघितलं नाही."

आईनं त्याच्या हातात कुंद्याची वाटी दिली आणि विचारलं, "करून दे की. पण त्यांच्यात दिवाण केवढा हाय, ते बघितलास काय?"